दाणे तुम्हाला चालत नाहीत, कॉकटीललाही लागत नाहीत

प्रश्न : आम्ही अमळनेरला राहतो. मुलाने हौसेने जळगावहून कॉकटील जातीच्या छोट्या पोपटांची जोडी आणली आणि आता तो शिकायला पुण्याला गेला, त्यामुळे पक्ष्यांचं सगळं माझ्या गळ्यात आलं. मला लहानपणापासून शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. चटणीचं बोट लागलं तरी अंगावर गांधी उठतात, एकदा तर श्वास कोंडून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. म्हणून आमच्या घरात दाणे येतच नाहीत. पण दुकानदार जे मिक्स दाणे देतो त्यात सूर्यफूल, करडई, कांगणी आणि शेंगदाण्याचे तुकडे असतात. वाटी बदलली की हाताला खाज सुटते. चार-पाच महिन्यांपासून कोरडा खोकलाही आहे, पिंजरा झाडला की शिंका. दुकानदार म्हणतो, दाणे बंद केले तर पक्षी अशक्त होतील. भाजी टाकून पाहिली, ती ते खाली फेकतात. सासूबाईंचं म्हणणं, 'दाना नही दिन्हा ते पोपट जगी का?' त्या म्हणतात ही विलायती पाखरं देऊन टाक, आपण साधा हिरवा पोपट आणू, तो डाळ-मिरचीवर राहतो. काय करू?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, नमस्कार.

दुकानदाराचं आधी निकालात काढू. कॉकटीलला शेंगदाणा लागत नाही. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या गवताळ मुलखातला, जमिनीवर उतरून गवताचं बी टिपणारा. वजन ऐंशी ते शंभर ग्रॅम. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, सूर्यफुलाच्या गरातही तसंच. पिंजऱ्यात बसून राहणाऱ्या एवढ्याशा जिवाला ते रोज दिलं की चरबी लिव्हरवर चढते. त्यात पक्ष्यांसाठी म्हणून विकला जाणारा शेंगदाणा बहुतेकदा माणसांच्या मालातून वगळलेला, जुना, दमट असतो. त्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि तेही लिव्हरच धरतं. तेव्हा दाणे बंद करून तुम्ही पक्ष्यांचं नुकसान करत नाही. ते मिक्स आजच घराबाहेर काढा, आणि काढायचं काम दुसऱ्या कोणाला तरी सांगा.

आता खरं सांगू का? तुम्ही विचारलंय खाण्याबद्दल, पण पत्रातली मला घोर लावणारी ओळ खोकल्याची आहे. हाताची खाज आणि छातीतला खोकला या दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात. शेंगदाणा घरातून काढता येतो. पिसांची धूळ काढता येत नाही, कारण ती पक्ष्याच्या अंगातूनच येते. कॉकटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावर पावडरीसारखी भुकटी झडणारी खास पिसं असतात. पिंजऱ्याशेजारच्या टीव्हीवर बोट फिरवा, पांढरट थर बोटाला येईल. शिंका आणि नाक गळणं त्यानेही होतं.

पण महिनोन्‌महिने टिकलेला कोरडा खोकला आला की नुसती सर्दीची अ‍ॅलर्जी समजून गोळ्या घेत बसू नये. पक्ष्यांची पिसं आणि विष्ठा यांतल्या प्रथिनांमुळे काही जणांच्या फुप्फुसाला आतून सूज येते. हा प्रकार शिंकांच्या अ‍ॅलर्जीहून निराळा, त्यावर सेट्रिझिनसारख्या शिंका-खाजेच्या गोळीचा उपयोग होत नाही. कोणाला पिंजरा साफ केल्यावर चार-आठ तासांनी ताप, कणकण आणि छातीत जडपणा येतो. पक्षी घरातच असला तर बऱ्याचदा ते इतकं ठळक नसतं. नुसता खोकला, जिना चढताना दम लागणं, हळूहळू घटणारं वजन. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या देशातल्या एका मोठ्या नोंदणीत फुप्फुसाच्या अशा चिवट आजारांचे १,०८४ रुग्ण होते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना हाच प्रकार निघाला. कारणांमध्ये पक्षी होतेच, पण त्यांच्याही वर घरातले कूलर होते. खानदेशात कूलरशिवाय मे महिना काढणारं घर मला माहीत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो. तुमच्याकडे कूलर असेल तर त्याची टाकी आणि जाळ्या शेवटच्या कधी धुतल्या, तेही डॉक्टरांना सांगा.

म्हणजे पहिलं काम, छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि न विचारताच सांगा की घरात पक्षी आहेत. आपले लोक हे सांगतच नाहीत, आणि गर्दीच्या ओपीडीत ते विचारलं जाईलच असं नाही. फुप्फुसाची फुंकून करायची तपासणी होईल, गरज वाटली तर सीटी स्कॅन. नुसती अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी करून ती चांगली आली म्हणून निश्चिंत होऊ नका, फुप्फुसाचा हा आजार त्या तपासणीत दिसत नाही. अर्धकच्चं अंडं खाल्ल्यावर तोंडाला खाज येते का, हेही आठवून पाहा. पक्ष्यांच्या धुळीची अ‍ॅलर्जी झालेल्या काही मोठ्या माणसांना पुढे अंड्याच्या बलकाचा त्रास सुरू होतो. आणि एकदा तुमचा श्वास कोंडला होता, तेव्हा अ‍ॅड्रेनलीनचं इंजेक्शन घरात ठेवायचं का आणि ते कसं टोचायचं, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. खाजेची गोळी श्वास कोंडल्यावर कामाची नाही.

डॉक्टरांनी फुप्फुसाचा आजार सांगितला तर पक्षी द्यावे लागतील. तिथे मास्क, खिडक्या, हवा गाळणारं यंत्र यांवर भागवू नका. नुसती नाकाची अ‍ॅलर्जी किंवा हलका दमा निघाला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे, आणि तपासणी होईपर्यंतही तसंच वागा.

पिंजरा झोपायच्या खोलीत नको. स्वयंपाकघरातही नको. तिथे त्यांच्या जिवाला धोका आहे, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने असे पक्षी काही मिनिटांत मरतात. पिंजरा कोरडा झाडायचा नाही. तळाच्या कागदावर आधी पाणी फवारायचं, मग तो घडी करून उचलायचा, आणि फरशी ओल्या फडक्याने पुसायची. पक्ष्यांना एक दिवसाआड सकाळी पाण्याचा बारीक फवारा द्या, धूळ कमी उडते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांना ते आवडतंही. साफसफाई तुम्हालाच करावी लागली तर एन-९५ मास्क लावून करा. पण घरात आणखी मोठी माणसं असणारच. कागद बदलायला अ‍ॅलर्जी नसलेले हात लागतात, ते पुरुषाचे असले तरी चालतात.

शेंगदाण्याचा मागमूस काढायलाही एकदा कोणीतरी दुसऱ्यानेच बसायला हवं. लाकडी दांड्या, जुनी लाकडी खेळणी फेकून द्या, त्यांच्या भेगांत तेल मुरलेलं असतं. पिंजरा आणि वाट्या साबणाने घासून घ्या. हात धुतानाही साबण-पाणीच वापरा. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. आणि त्या पक्ष्याची चोच ओठांना लावून लाड करायची सवय असेल तर ती सोडा.

आता खाणं. दुकानातलं तयार मिक्स, अगदी 'यात शेंगदाणे नाहीत' असं सांगितलं तरी, तुमच्यासाठी नाही. पोती शेजारी-शेजारी उघडी असतात आणि सगळ्यांत एकच माप फिरतं. त्यापेक्षा धान्य घरच्या डब्यातलं द्या. दुकानदार ज्याला कांगणी म्हणतो ते आपलं राळं. बाजरी तुमच्याकडे असेलच. दादर ज्वारी द्या, भगर द्या, कधी साळीचे चार दाणे. भाकरीसाठी निवडून ठेवलेली बाजरी आणि दादर तुम्ही स्वतः खाता आणि तुम्हाला काही होत नाही, एवढी खात्री कोणत्याच पाकिटावर छापून येत नाही. सूर्यफूल हवंच असेल तर वेगळं, बंद पाकिटातलं आणा आणि दिवसाला चार-पाच बिया, त्याही हातावरून, बक्षीस म्हणून.

पण कितीही चांगलं निवडलं तरी नुसतं धान्य पुरत नाही. आपल्याकडे पोपटवर्गातले बहुतेक पाळीव पक्षी इथेच मार खातात. धान्यात अ जीवनसत्त्व जवळपास नसतं आणि कॅल्शियम फार थोडं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाकातोंडाच्या आतलं अस्तर जाड आणि कोरडं होतं, मग पक्षी शिंकतो, नाकपुड्या चिकटतात, छातीचे आजार लवकर धरतात. मादी असेल आणि कॅल्शियम कमी असेल तर अंडं अडकतं, आणि अडकलेलं अंडं जीव घेतं. नर नसला तरी कॉकटीलची मादी अंडी घालते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

म्हणून साधारण हिशेब असा ठेवा. निम्मं खाणं पेलेटचं, पाव हिस्सा भाज्या आणि पाव हिस्सा धान्य. पेलेट म्हणजे धान्य, डाळी, जीवनसत्त्वं एकत्र दळून केलेल्या बारीक गोळ्या. त्यातला दाणा पक्ष्याला निवडून टाकता येत नाही हा त्यांचा फायदा. जळगावला नाही मिळाल्या तर ऑनलाइन मिळतात. इथे मात्र पाकीट फिरवून घटक वाचायचे. काही नावाजलेल्या पेलेटमध्येही शेंगदाणा असतो, कित्येकांत सोयाबीन असतं. घटक नीट दिलेले नसतील तर ते पाकीट तुमच्या घरासाठी नाही. बिनरंगी गोळ्या घ्या, लहान पाकीट घ्या आणि फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, आपल्या उन्हात ती जीवनसत्त्वं उघड्यावर टिकत नाहीत. एका कॉकटीलला दिवसभरात सगळं कोरडं खाणं मिळून पंधरा ग्रॅमच्या आसपास पुरतं. वाटी शिगोशीग भरायचं कारण नाही.

भाज्यांसाठी तुम्हाला कुठे लांब जायचं नाही. गंगाफळाची (लाल भोपळ्याची) फोड वाफवून, गाजर किसून, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर. शेवगा तर मी रोज द्या म्हणेन, त्यात अ जीवनसत्त्वही आहे आणि कॅल्शियमही, आणि खानदेशात तो विकत घ्यावा लागू नये. पालक आठवड्यातून एखाददा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. मिरचीबद्दल सासूबाई बरोबर आहेत. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, ज्यामुळे आपली जीभ पोळते तो पदार्थ त्यांच्या नसांना उमगत नाही. ओली लाल मिरची चिरून दिली की बियांसकट खातील. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे लाल ढीग लागतात तेव्हा चार ओल्या मिरच्या पक्ष्यांसाठीही घ्या. फक्त दळलेलं तिखट नको, त्याची पूड त्यांच्या आणि तुमच्या, दोघांच्या नाकात जाते.

केळं? जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे, पण पक्ष्यासाठी ते गोडधोडच. नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. पेरू, पपई त्यापेक्षा बऱ्या.

मोड आलेले मूग, मटकी उत्तम. शेंगदाणा हा खरं तर डाळींच्याच कुळातला, म्हणून शंका येणं साहजिक आहे. पण मूग-मटकी तुम्ही स्वतः खात असाल आणि काही होत नसेल तर हाताळायला हरकत नाही. मोड नुकता फुटलेला असताना, दोन-तीन पाण्यांनी धुऊन द्या. आंबूस वास आला की टाकून द्या. राजमा आणि वाल कच्चे कधीच नाही. आणि एप्रिल-मेमध्ये, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना, ओलं खाणं तासाभरात काढून घ्यायचं, जेवढं खाल्लं तेवढं खाल्लं.

तुमच्या ताटातलं मात्र काही नको. विशेषतः भरीत. वांगं बिचारं निरुपद्रवी, पण त्यातला लसूण, कांद्याची पात, मीठ आणि तेल पक्ष्याला बाधतं. बशीतला चहा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो, सफरचंदाच्या बिया हेही नाही. अ‍ॅव्होकॅडो अमळनेरात कोण आणतंय म्हणाल, तर मुलगा सुट्टीला येताना काय काय घेऊन येईल सांगता येत नाही.

कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेन (माकूळ माशाचं पांढरं हाड) अडकवून ठेवा, चोचही घासली जाते. सकाळचं कोवळं ऊन पंधरा-वीस मिनिटं मिळू द्या, अर्ध्या पिंजऱ्यावर फडकं टाकून, म्हणजे नको वाटलं तर सावलीत सरकता येईल. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब घेऊ नका, पाणी लवकर खराब होतं आणि चव बदलली की पक्षी प्यायचे थांबतात. खडी-वाळूही नको. कबुतर दाणा अख्खा गिळतं, त्याला ती लागते. पोपटवर्गातले पक्षी सोलून खातात.

आता भाजी फेकणाऱ्यांचं काय करायचं. ज्या पक्ष्याने जन्मापासून दाणेच पाहिले त्याला गाजर हे खाणं आहे हे कळतच नाही. त्याला उपाशी ठेवून शिकवायला जाऊ नका, एवढ्या लहान पक्ष्याची ताकद एका दिवसात उतरते. सकाळी उठल्या-उठल्या, भूक असते तेव्हा, आधी बारीक चिरलेली भाजी आणि थोड्या भिजवलेल्या पेलेट ठेवा. तासा-दीड तासाने धान्य. भाजीत राळ्याचे दाणे मिसळा, दाणे वेचताना चोचीला गाजर लागतं. मेथीची ओली जुडी वरून टांगा, ते तिच्यात अंघोळ करतील आणि करता करता पान कुरतडतील. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो त्यांच्यासमोर बसून तुम्ही तेच खाण्याचा. थव्यात राहणारा पक्षी आहे, दुसरा खातोय म्हटलं की त्यालाही हवं असतं. कोणी दोन आठवड्यांत वळतं, कोणी दोन महिने घेतं.

या काळात दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, वाटी. दाणे सोलून खाल्ल्यावर फोलपटं वाटीतच पडतात आणि वाटी काठोकाठ भरलेली दिसते. वरून बघून 'अजून आहे की' म्हणत माणसं पक्ष्याला नकळत उपाशी मारतात. बोटाने खालपर्यंत ढवळून बघा, खाली दाणा आहे की नुसता भुसा. फोलपटं फुंकून उडवू नका, ती धूळ सरळ तुमच्या छातीत जाईल. ओल्या कागदावर ओता. दुसरी, वजन. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणा आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवा. नव्वद ग्रॅमचा पक्षी एक्याऐंशीवर आला तर प्रयोग थांबवून जुन्या धान्यावर या आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. विष्ठा एकदम कमी झाली, काळपट हिरवी आणि पातळ दिसू लागली, तर वजनाचीही वाट पाहू नका.

सासूबाईंच्या हिरव्या पोपटाबद्दल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले देशी पोपट, म्हणजे गळ्यात कंठी असलेले ते हिरवे, पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. यात्रेत कोणी पिशवीतून दाखवला तरी. शिवाय धूळ आणि विष्ठा त्यालाही असते, तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही. कॉकटील परदेशी आहे, त्याच्यासाठी सरकारी नोंदणीची अट नाही. सन कोन्युअर किंवा आफ्रिकन ग्रे असता तर २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागली असती. आणि पक्षी द्यायचेच ठरले तर ओळखीच्या, कॉकटील पाळलेल्या घरी जोडीनेच द्या. गच्चीवरून सोडून देण्याचं पुण्य पदरात पाडून घेऊ नका, पिंजऱ्यात जन्मलेली ही पाखरं बाहेर कावळ्या-घारींच्या तोंडी जातात.

एक राहिलं. लग्नकार्याला गावाला जाताना पक्षी शेजारी ठेवणार असाल तर त्यांचं खाणं रोजच्या मापाने पुड्या बांधून सोबत द्या आणि शेजारणीला कारण सांगूनच ठेवा, नाहीतर माया म्हणून दाणे भरवले जाणारच. घाण्याचं शेंगदाणा तेल लावलेली पोळीसुद्धा नको, घाण्याच्या तेलात प्रथिन उरतं. परत आणल्यावर वाट्या आणि दांड्या आधी दुसऱ्या कोणाकडून साबणाने धुऊन घ्या, मगच हात लावा.